उपटलेला वाटाणा

माझ्या आईच्या हातची वाटाण्याची उसळ मला कधीच आवडली नाही, आणि आयुष्यभर काम मात्र मी वाटाण्यावरच केलं. लोक विचारतात तेव्हा मी सांगते, की लहानपणी दारातच वाटाण्याचं शेत होतं, त्यामुळं ओढ लागली. हे निम्मं खरं आहे. दारात शेत होतं, पण ते आमचं नव्हतं. आणि ओढ वगैरे काही नव्हती, एक चूक होती. ती मी आजवर नीट कुठं सांगितलेली नाही. आता सत्तरी जवळ आली, गुडघे कुरकुरायला लागले, आणि ज्यांच्यापुढं मान खाली घालावी अशी माणसं एकेक करून गेली. तेव्हा सांगायला हरकत नाही.

कोल्हापूरहून गारगोटीकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून कडधान्याचं एक सरकारी संशोधन केंद्र होतं. आसपासचे लोक त्याला नुसतं फारम म्हणत. फारमाच्या गोठ्यामागं मजुरांच्या सहा खोल्या होत्या, त्यातली शेवटची आमची. वडील गारगोटीला एका शाळेत शिपाई होते. शनिवारी दुपारच्या एसटीनं येत आणि सोमवारी पहाटे जात, त्यामुळं घर खऱ्या अर्थानं आईचं आणि माझं होतं. एक खाट, एक ट्रंक, चूल, आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर. रविवारी सकाळी वडील अंघोळ करून तिच्यापुढं वंदना म्हणत आणि आई भाकरी थापता थापता मागून म्हणे. वारा आमच्या बाजूचा असला, की बिद्रीच्या साखर कारखान्याचा भोंगा ऐकू येई, आणि आई त्यावर आपलं घड्याळ लावी, म्हणजे चुलीवर आधण ठेवी. थंडीच्या दिवसांत पहाटे पहिला आवाज असे तो पत्र्याच्या डब्याचा. कोवळ्या शेंगांवर पोपटांचे थवे उतरत आणि राखणदार बाई डबा बडवत बांधावरून फिरे. त्या आवाजानं पोपट उडत की नाही सांगता येत नाही, आमची झोप मात्र उडे.

हंगामात घरात वाटाणा सोडून दुसरं काही शिजत नसे. चाचणीचे नमुने मोजून झाले, की उरलेला माल मजुरांत वाटला जाई, आणि सहाही खोल्यांतून एकाच वेळी कांदा-लसूण चटणीच्या फोडणीचा ठसका उठे. आईची उसळ पातळ, तिखटजाळ, वर तेलाचा तवंग. त्यात कधी हिरवे, कधी करडे, कधी काळपट ठिपक्यांचे दाणे, जे मिळतील ते. काही दाणे लोण्यासारखे शिजत आणि काही शेवटपर्यंत दाताखाली कुरकुरत. मी ते कडक दाणे ताटाच्या कडेला लावून ठेवी. आई म्हणे, "वाटाण्यात बी तुला निवडून पायजे व्हय?" मला निवडूनच पाहिजे असे. शाळेत माझं अक्षर सगळ्यांत नेटकं होतं, माझ्या वह्यांना कव्हरं होती, आणि वेडंवाकडं काही दिसलं की ते सरळ करायला हात शिवशिवत. हा स्वभाव पुढं मला कामाला आला. आधी मात्र त्यानं घात केला.

आई मूळची हुपरीची. लग्नाआधी तिथल्या एका घरगुती कारखान्यात ती पैंजणांच्या कड्या जोडायला बसे. बारीक चिमट्यानं चांदीची कडी उघडायची, दुसरीत अडकवायची, मिटवायची, दिवसभर. ते काम सुटलं, चिमटा तेवढा तिच्याबरोबर सासरी आला. फारमावर ती रोजंदारीवर खुरपणीला लागली तेव्हा साबळेसाहेब नवीनच आले होते. हे आमचे पैदासकार, म्हणजे दोन जातींचा संकर करून नवा वाण काढणारे. वाटाण्याचा संकर हे डोळे फोडणारं काम आहे. फूल उमलायच्या आदल्या दिवशी, कळी मिटलेली असतानाच, तिच्या पाकळ्या अलगद बाजूला करायच्या, आतले दहा पुंकेसर एकेक करून काढायचे, मधला स्त्रीकेसर दुखवायचा नाही, आणि मग दुसऱ्या झाडाचे पराग त्यावर टेकवून कळी पुन्हा मिटवायची. साहेबांनी शिकवलेल्या शिकाऊ पोरांच्या दहा कळ्यांतल्या आठ गळून पडत. आईनं एकदा बघितलं, घरी जाऊन आपला चिमटा आणला, आणि तिच्या दहातल्या सात धरल्या. त्या दिवसापासून तिचं खुरपं सुटलं. हजेरीपटावर मात्र तिच्या नावापुढं मजूर असंच राहिलं.

मी बारावीला रसायनशास्त्रात नापास झाले, तेव्हाचं हे वर्ष. आई म्हणाली, "घरात बसून रडण्यापरास कामाला चल." पुढल्या परीक्षेपर्यंत मी फारमावर रोजावर लागले. मला दिलं गेलं ते भेसळ काढायचं काम. फारमावर एका सुधारित वाणाचं बियाणं तयार होत असे, ते वरच्या वावरात. त्याची सगळी झाडं एका उंचीची, फुलं पांढरीशुभ्र. त्यात एखादं जांभळ्या फुलाचं, एखादं उंच, एखादं वेलासारखं पसरलेलं झाड दिसलं, की ते मुळासकट उपटून बांधावर टाकायचं. बियाणं शुद्ध राहिलं पाहिजे. या कामात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. दत्तू मुकादम, जो कुणाचं कधी बरं बोलत नसे, तोसुद्धा म्हणाला, "पोरीची नजर घारीची हाय."

वरच्या वावराखाली, एका बांधाच्या अंतरावर, खालचं वावर होतं. ते आईच्या ताब्यात असे. तिथं साबळेसाहेबांनी गोळा केलेले गावरान वाटाणे लावलेले होते. तीन हिवाळे हा माणूस एसटीनं गारगोटीच्या पलीकडं जात होता, भात निघाल्यावर रानात उरलेल्या ओलीवर, वाफशावर, वाटाणा टाकणाऱ्या खेड्यांतून. घरोघरी मूठभर बी मागायचं, कागदाच्या पुडीत बांधायचं, पुडीवर गाव लिहायचं. बायका विचारत, "पावणं, ह्यो मिसळ वाटाणा घिऊन काय करणार? बाजारात कोण इचारत न्हाय ह्याला." साहेब त्यांनाच उलट विचारत, की मग तुम्ही मिसळ का ठेवता. एका बाईनं दिलेलं उत्तर ते आम्हाला नेहमी सांगत: "थंडी पडली तर ह्यो पिकतुया, न्हाय पडली तर त्यो. कायतरी पदरात पडतंय की." प्रत्येक पुडीची एक रांग, रांगेच्या तोंडाला लाकडी खुंटी, खुंटीवर आकडा. अशा बेचाळीस रांगा होत्या. एकेका रांगेत पांढरी, गुलाबी, जांभळी फुलं, बुटकी आणि उंच, कुठं शेंगा भरलेल्या तर कुठं अजून कळ्या. मला ते वावर बघवत नसे. आईसारख्या हातांच्या बाईनं एवढी घाण रानात कशी ठेवली, असं मला खरोखर वाटे.

त्या वर्षी पुण्याहून कमिटी यायची होती. फारमावरच्या तीन रोजंदारी मजुरांपैकी एकाला कायम करायचं होतं, आणि काम बघून कमिटी नाव ठरवणार होती. आई अकरा वर्षं रोजावर होती. कायम होणं म्हणजे काय, हे आज सांगून कळायचं नाही. आजारी पडलं तरी चूल पेटते, आणि म्हातारपणी कुणाच्या तोंडाकडं बघावं लागत नाही. घरात त्यावर कुणी बोलत नसे, पण वडिलांनी त्या महिन्यात बुधवारीसुद्धा एक फेरी मारली, एवढ्यावरून मी काय ते समजले. कमिटी मंगळवारी येणार, आणि त्याआधीच्या आठवड्यात हुपरीला मामाच्या मुलीचं लग्न आलं. आई चार दिवसांसाठी गेली, वडील शनिवारी परस्पर तिकडंच जाणार होते. साहेबही कसल्या बैठकीला बाहेरगावी होते.

वरच्या वावराचं माझं काम गुरुवारी दुपारीच संपलं. मी बांधावर उभी राहून खालच्या वावराकडं बघितलं आणि मला वाटलं, मंगळवारी कमिटी येईल, आधी वरचं वावर बघेल, मग खालचं, आणि म्हणेल, ही बाई कशी हो कामाची? मी खाली उतरले. प्रत्येक रांगेत जास्त झाडं कोणत्या तऱ्हेची आहेत ते बघायचं, ती ठेवायची, बाकीची उपटायची. मला जे शिकवलं होतं तेच मी करत होते, आणि फार नीट करत होते. दत्तू मुकादम शुक्रवारी संध्याकाळी येऊन कमरेवर हात ठेवून बघून गेला. "आता कसं रान रानासारकं दिसतंय," म्हणाला. मी उपटलेल्या झाडांचे दोन भारे झाले. वाटाण्याचा पाला जनावरं गोडीनं खातात. मुकादमाच्या घरी दोन म्हशी होत्या. भारे तिकडं गेले. शनिवारी रात्री मी गाढ झोपले, एवढं मला आठवतं.

साबळेसाहेब रविवारी सकाळी आले. मी डबा बडवत होते. राखणदार बाई सुट्टीवर होती. ते खालच्या वावरात शिरले, पहिल्या खुंटीपासून शेवटच्या खुंटीपर्यंत चालत गेले, तसेच परत आले आणि बांधावर बसले. मी धावत गेले, शाबासकी घ्यायला. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "हे कुणी केलं?"

"मी," मी म्हणाले. "सगळी भेसळ काढली, साहेब. एक बी झाड न्हाय ठेवलं."

ओरडले असते तर बरं झालं असतं. पण मास्तर शिकवतात तशा आवाजात त्यांनी मला सांगितलं. वाटाण्याचं फूल उमलण्याआधीच आतल्या आत फळतं. त्यामुळं दहा तऱ्हेची झाडं एकाच रांगेत शेजारी शेजारी वाढली, तरी प्रत्येक आपापल्या वळणावर राहतं, पिढ्यान् पिढ्या. रांगेत एकच जांभळं झाड असेल, तर ते वळण त्या गावचं तेवढं एकच. ते उपटलं की संपलं. कुणात रोग सोसायची ताकद असते, कुणात थंडी, कुणात पाण्याचा ताण, आणि ते बाहेरून दिसत नाही. पाच-दहा वर्षं बघावं लागतं. "वरच्या वावरात वेगळं झाड म्हणजे भेसळ," ते म्हणाले. "इथं वेगळं झाड म्हणजेच माल होता."

मी विचारलं, पुड्यांत बी उरलं असेल ना? पावसाळ्यात डब्याला भुंगा लागला होता. जे वाचलं ते सगळं त्यांनी पेरून टाकलं होतं. आणि परत मागायला जावं तर त्या गावांपैकी निम्म्या गावांत नदीचं पाणी वर उचलून ऊस आला होता. उसात कोण वाटाणा टाकतो? मला रडू आलं नाही. पहिला विचार आला तो त्या रानांचा नव्हता. पहिला विचार हा होता, की वावर आईच्या नावावर आहे.

उपटलेली झाडं कुठं आहेत, असं साहेबांनी विचारलं आणि मी मुकादमाच्या घराकडं पळत सुटले. आमच्या खोल्यांतलं कुणी त्या घराच्या उंबऱ्यापुढं कधी गेलेलं नव्हतं, गोठ्यात तर नाहीच. तसा नियम कुणी सांगितला नव्हता, पण तो सगळ्यांना पाठ होता. मी सरळ गोठ्यात शिरले. मुकादमाची बायको, पारूबाई, शेण काढत होती. मी काय झालं ते एका दमात सांगितलं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "एक भारा खाल्ला बग म्हशींनी. दुसरा त्यो वर माचावर हाय. घे, काड." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आनि ह्या गव्हाणीत बी हात घाल. शेंगा कडू लागल्या तर टाकत्यात त्या." मी गव्हाणीत कोपरापर्यंत हात घालून म्हशीच्या तोंडापुढून शेंगा गोळा केल्या. म्हैस मला हुंगत होती. पारूबाई स्वतः माचावर चढली आणि भारा खाली ढकलला. त्या घरात मी पुन्हा कधी गेले नाही, पण त्या बाईचं नाव मी कधी विसरले नाही.

उपटलेल्या वाटाण्याच्या झाडाला शेंग निम्मी भरलेली असली, तर सुकता सुकता ती आपलं बी पुरं करते. झाडाचा तेवढा जीव असतो. साहेबांनी सांगितल्याप्रमाणं मी ती झाडं आमच्या खोलीत, खाटेखाली, ट्रंकेवर, तसबिरीखाली, सावलीत पसरून ठेवली. आता प्रश्न असा होता, की कुठलं झाड कुठल्या रांगेतलं? सगळे भारे एकत्र बांधलेले. खुंट्या रानात, झाडं घरात. साहेब म्हणाले, "गाव माहीत नसलेलं बी म्हणजे निनावी पत्र. वाचता येतं, उत्तर देता येत नाही."

सोमवारी सकाळी आई आली. पिशवीत लग्नाच्या बुंदीची पुडी होती. तिनं घरभर पसरलेली झाडं बघितली, मी सांगितलं ते ऐकलं, पुडी चुलीपाशी ठेवली आणि खाली बसली. मला मार बसेल असं वाटलं होतं. तिनं एक झाड उचललं, शेंग बोटांत फिरवली, आणि म्हणाली, "लिव. सोळा."

"काय सोळा?"

"सोळाव्या रांगेतलं. शेंगंच्या टोकाला बाक हाय बग. आसला बाक फकस्त सोळात हुता. उशिरा फुलतंय ते. लिव मुकाट्यानं."

मी लिहीत गेले. आई अक्षरओळख नसलेली बाई; खुंटीवरचे आकडे तिला रांग मोजूनच ठाऊक. पण तीन हिवाळे ती त्या झाडांच्यात वाकून काम करत होती, आणि मी ज्याला घाण म्हणत होते त्यातलं प्रत्येक झाड तिला तोंडओळखीचं होतं. हे तेविसातलं, ह्याच्या पानावर राखेचे ठिपके. हे नऊमधलं, ह्याला एका देठाला तीन फुलं. कुठं अडलं तर ती डोळे मिटून घेई आणि रानात कुठल्या बाजूला उभी होती ते आठवी. संध्याकाळपर्यंत आम्ही सगळी झाडं लावून काढली. काही तिनं बाजूला ठेवली. "हे न्हाय सांगता येत. उगं खोटं लिवू नगं," म्हणाली. दुपारपासून येऊन बसलेल्या साहेबांनी तिच्या नकळत दोन झाडं पुन्हा मिसळून दोनदा विचारून बघितलं, दोन्ही वेळा तिनं तोच आकडा सांगितला आणि वर म्हणाली, "साहेब, मगाशी बी हेच इचारलंसा की."

मग साहेबांनी उद्याचं काढलं. ते मऊ मनाचे गृहस्थ होते, आणि आईचं काम त्यांना ठाऊक होतं. "उद्या मी कमिटीपुढं या वावराबद्दल आपण होऊन काही बोलणार नाही," ते म्हणाले. "रांगा जशा आहेत तशा ते बघतील, नोंदवहीवर सही करतील, तुमचं नाव लागेल. एवढंच."

आईनं विचारलं, "वहीत काय लागंल?"

"जे दिसतंय ते. एकसारख्या रांगा."

"आनि ह्यो?" तिनं जमिनीवरच्या वाटाण्याकडं हात केला.

एकदा सही झालेल्या वहीत त्या रांगा एकसारख्या ठरल्या, की वाळत घातलेल्या झाडांना कुठं जागाच राहत नव्हती. ती त्या रांगांतून आलीच नव्हती, असं झालं असतं. हे मला त्या वेळी कळलं नाही. आईला कळलं असावं, कारण त्या रात्री ती जेवली नाही.

मंगळवारी कमिटी आली. तिघे होते. त्यांतले वयस्कर, कोट घातलेले साहेब वरचं वावर भराभर बघून खाली उतरले आणि थांबले. "हे गावरान वाण? इतके एकसारखे? कोण बघतं हे वावर?" दत्तू मुकादमानं आईकडं बोट केलं. आपल्या म्हशींचं काही निघू नये म्हणून तो फार नम्र झाला होता. कोटवाले साहेब आईला म्हणाले, "बाई, फार स्वच्छ काम ठेवलंय तुम्ही." मी बांधावर, दहा पावलांवर उभी होते. माझ्या मनात आलं ते जसंच्या तसं लिहिते: गप बस आई, आता गप बस.

आई म्हणाली, "न्हाय साहेब. हे सोच्छ न्हाय, हे बिघाडलंय. हितं मिसळ वाटाणा हुता, त्येच्यासाठीच लावला हुता. मधली झाडं उपटली गेली. माझं वावार, माझी चूक. वाचली ती मी घरात वाळत घातल्यात. चला, दावतो तुमास्नी."

साबळेसाहेबांनी वळून माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं, दुसरं काही केलं नाही. ती वेळ माझी होती. दहा पावलं चालून एक शब्द बोलायचा होता. मी पायाखालच्या ढेकळाकडं बघत राहिले. कमिटीनं आमची खोली बघितली, झाडं बघितली, आणि कोटवाल्या साहेबांनी नोंदवहीत इंग्रजीत लिहिलं, की मजुराच्या चुकीमुळं रांगांचं नुकसान झालं असून काही झाडं परत मिळाली आहेत. रांगांचे आकडे सोबत जोडले आहेत. कंसात आईचं नाव. कायम केलं ते गोठ्यावरच्या माणसाला.

आई त्या वर्षी कायम झाली नाही आणि पुढंही झाली नाही. रोजंदारीवर लागली, रोजंदारीवरच थांबली. मला ती त्यावरून कधी एक शब्द बोलली नाही. मोठी माणसं मनात ठेवत नाहीत असं म्हणायची पद्धत आहे. माझ्या आईनं मनात ठेवलं होतं की नव्हतं, हे मी खरंच सांगू शकत नाही. त्याच उन्हाळ्यात मी रसायनशास्त्र सोडवलं आणि कोल्हापूरच्या शेती महाविद्यालयात गेले. फॉर्म साबळेसाहेबांनी भरून दिला.

खाटेखाली वाळलेलं बी पुढल्या हिवाळ्यात पेरलं, एकेक दाणा वेगळा. दोन-तीन वर्षांनी ढगाळ हवेत भुरी आली. पानांवर पिठासारखी पसरणारी ही बुरशी वाटाण्याचं रान आठ दिवसांत पांढरं करते. वरच्या वावरातला शुद्ध वाण सगळ्यांच्या आधी गेला. सगळी झाडं एकाच जातीची, एकाला सोसेना तर कुणालाच सोसेना. खालच्या वावरात मात्र मध्ये मध्ये हिरवं राहिलं, आणि सगळ्यांत हिरवं होतं ते सोळाचं, टोकाला बाक असलेलं, उशिरा फुलणारं, जांभळं. बी बारीक, शिजायला कडक, बाजारात न विचारलं जाणारं. त्याची ताकद आणि वरच्या वाणाचा दाणा एकत्र आणायला आणखी कितीतरी हंगाम गेले. पहिला संकर आईनं हुपरीच्या चिमट्यानं केला. पुढच्या पिढ्या निवडण्याचं काम मी केलं, आणि त्यावरच माझा पीएच.डी.चा प्रबंध झाला.

प्रबंध बांधून आला तेव्हा मी तो घेऊन फारमावरच्या खोलीत गेले. काळं कापडी पुठ्ठ्याचं जाडजूड पुस्तक, वर सोनेरी अक्षरांत माझं नाव. आईनं हात पदराला पुसले, ते मांडीवर घेतलं, पानं उलटली. म्हणाली, "सोळा कुठं हाय ह्यात?" मी पान काढून दिलं. "वाच." इंग्रजीत होतं, मी मराठी करून वाचत गेले. हे बी कुठल्या गावचं, कुणी गोळा केलं, किती झाडं होती. आणि मग ते वाक्य आलं. मी ते जुन्या नोंदवहीवरून जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं, फार विचार न करता. आणि असंही असेल, की विचार करून. वाचताना जीभ अडखळली, पण थांबायला उशीर झाला होता. 'मजुराच्या चुकीमुळं या रांगेतील बरीच झाडं नष्ट झाली.'

चुलीवर उसळ रटरटत होती. मला इतकी शरम वाटली, की मान वर करवेना. माझं नाव पुठ्ठ्यावर सोन्यात होतं आणि आत मी मजूर म्हणून आईला ठेवलं होतं. आता तरी सांगावं, की आई, हे वाक्य मी बदलते, हे मी केलं होतं, मला माहीत आहे आणि तुलाही. पाच प्रती बांधून झाल्या होत्या. आई त्या ओळीकडं बघत होती, जणू तिला वाचता येत होतं.

"मजूर म्हंजी मीच की," ती म्हणाली. "बरोबर लिवलंयस. वाच फुडं."

आणि मी पुढं वाचत गेले.